‘किती देते?’

नावडे फाट्याच्या अलीकडे, मुंब्रा-पनवेल रस्त्याच्या कडेला एका पंक्चरवाल्याकडे आम्ही हवा बघायला थांबलो. दुकानदार तेव्हा एका ट्रेलरच्या चाकाचे नट सोडवत होता. पान्याला त्याने मीटरभर लांबीचा लोखंडी पाइप चढवला होता आणि त्या पाइपच्या टोकावर तो सरळ उभा राहिला होता. नट कुरकुरला आणि सुटला. हात पुसत तो आमच्याकडे आला, मित्राने चालवून बघायला आणलेल्या लँड रोव्हर डिफेंडरभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "साहेब, किती देते?"

मित्र जरा अडखळला. गाडी विकणाऱ्याने त्याला सांगून ठेवलं होतं की कोटीची गाडी घेणारा माणूस ॲव्हरेज विचारत नाही. मला हे पटलेलं नव्हतं. तळोजा एमआयडीसीत तीस वर्षं मी मेंटेनन्सची कामं केली. बॉयलर असो, कॉम्प्रेसर असो, पहिला प्रश्न हाच असायचा की यात घालायचं किती आणि मिळायचं किती. पंक्चरवाल्याचा प्रश्न दोन शब्दांचा होता, पण त्याचं खरं उत्तर द्यायला पूर्ण गाडी समजून घ्यावी लागते.

मित्राच्या मनात भरली होती ती डिफेंडर ११०, २०२३ सालची, एकाच मालकाने वापरलेली. सहा सिलिंडरचं तीन लिटरचं डिझेल इंजिन, ३०० पीएस ताकद, ६५० न्यूटन-मीटर टॉर्क, आठ गिअरची ऑटोमॅटिक आणि कायम चारही चाकांना मिळणारा जोर. या नावाची मूळ गाडी इंग्लंडमधली. मॉरिस विल्क्स या अभियंत्याच्या कल्पनेतून आलेली पहिली लँड रोव्हर १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. युद्धानंतर पोलादाचं रेशनिंग होतं, म्हणून तिचा पत्रा ॲल्युमिनियमचा केला. ती शेतकऱ्याच्या उपयोगाची गाडी होती आणि तिचं इंजिन जेमतेम ५० अश्वशक्तीचं होतं. त्याच सुमारास, १९४७ मध्ये, आपल्याकडे मुंबईत महिंद्रांनी विलिस जीप जोडायला सुरुवात केली होती. २००८ साली टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर फोर्डकडून २.३ अब्ज डॉलरना घेतल्या आणि ही शेतावरची इंग्लिश गाडी मुंबईच्या कंपनीची झाली. जुन्या डिफेंडरचं उत्पादन २०१६ मध्ये थांबलं. आज रस्त्यावर दिसते ती २०१९ साली दाखवलेली नवी पिढी, स्लोव्हाकियातल्या नित्रा इथे तयार होणारी. थोरली बहीण रेंज रोव्हर मात्र २०२४ पासून पुण्यातही जोडली जाते.

आता ॲव्हरेजकडे येऊ.

तळोज्यात एमआयडीसी म्हटलं की महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. गाड्यांच्या जगात याच आद्याक्षरांची दुसरी एमआयडीसी आहे, मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. भारतात नव्या गाडीचा जो ॲव्हरेज जाहीर होतो, तो या चाचणीतून येतो. पुण्याची एआरएआय, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, किंवा तशीच दुसरी मान्यताप्राप्त संस्था ती करते. गाडी रोलरवर उभी करतात. समोरच्या पडद्यावर वेगाची रेघ सरकत असते आणि ड्रायव्हर त्या रेघेबरहुकूम पाय दाबतो. सगळा खेळ १,१८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांहूनही कमी. अंतर साडेदहा किलोमीटरच्या थोडं वर, कमाल वेग ताशी ९०, सरासरी ३२ च्या आसपास. एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, पुढे कंटेनर नाही.

या चाचणीला खोटं म्हणणं अन्यायाचं होईल. सगळ्या गाड्या एकाच पट्टीने मोजायच्या तर पट्टी अशीच लागते. ती दोन गाड्यांची तुलना करायला आहे, तुमचं डिझेलचं बिल सांगायला नाही. युरोपातली डब्ल्यूएलटीपी चाचणी थोडी अधिक खडतर आहे. ती अर्ध्या तासाची, २३ किलोमीटरची, आणि तिच्यात वेग ताशी १३१ पर्यंत जातो. त्या पट्टीवर हे डिझेल इंजिन १०० किलोमीटरला साधारण पावणेनऊ लिटर पितं. म्हणजे लिटरला साडेअकरा किलोमीटर.

तळोज्याच्या माणसाने या साडेअकरातून काय काय वजा करायचं, ते बघू. मी हिशेब महावितरणच्या युनिटमध्ये करतो, कारण बिलामुळे युनिट म्हणजे किती हे घरोघरी ठाऊक आहे. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. त्यातली दोनतृतीयांश सायलेन्सरमधून, रेडिएटरमधून आणि घर्षणात उष्णता होऊन जाते. चाकांपर्यंत पोचतात तीन, फार तर सव्वातीन युनिट. या सव्वातीनावर सगळा संसार.

पहिला खर्च थांबण्याचा. ही गाडी साधारण २,४०० किलोची आहे. ती ताशी ५० च्या वेगात आणायची आणि कळंबोलीच्या सिग्नलला ब्रेक दाबून उभी करायची, यात जवळपास २० मिलिलिटर डिझेल ब्रेकच्या चकत्यांवर उष्णता होऊन संपतं. खोकल्याच्या औषधाचे चार चमचे. आठ-साडेआठशे किलोच्या छोट्या गाडीचा हाच खर्च दीड चमच्याच्या आत राहतो. डिफेंडरमध्ये ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड यंत्रणा आहे. ती ब्रेक मारताना थोडी ऊर्जा परत बॅटरीत घेते, पण थोडीच. पेंधरहून निघून नावडे, कळंबोली, मग सायन-पनवेल रस्त्याने वाशीपर्यंत जाताना किती वेळा थांबावं लागतं, ते एकदा बोटांवर मोजून बघा. शिवाय कोंडीत एसी चालू ठेवून नुसतं उभं राहिलं, तर एवढं मोठं इंजिन तासाला लिटरभर सहज घेतं आणि त्या वेळी ॲव्हरेज शून्य असतो.

दुसरा खर्च हवेचा. डिफेंडर जवळजवळ दोन मीटर रुंद आणि दोन मीटरला तीन सेंटिमीटर कमी उंच आहे, समोरून उभ्या कपाटासारखी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ला जेवढा विरोध, त्याच्या दीडपटीहून जास्त १०० ला. एक्सप्रेसवेवर सपाटीला मर्यादाही १०० चीच आहे. तिथे या गाडीची चाकांपाशी खर्च होणारी ऊर्जा दोनतृतीयांश हवा कापण्यात जाते आणि उरलेली टायर दबण्या-उमलण्यात. छपरावर कॅरियर लावून हौसेने डबे-शिडी बांधणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

तिसरा खर्च चढाचा, आणि तो मला सगळ्यांत शिकवणारा वाटतो. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत आपण साधारण साडेपाचशे मीटर वर जातो. दोन माणसं बसलेली डिफेंडर एवढ्या उंचीवर उचलायची तर चाकांपाशी पावणेचार-चार युनिट लागतात, म्हणजे सव्वा लिटर डिझेल. हे फक्त उंचीचं भाडं, अंतराचा खर्च वेगळा. छोटी गाडी तीच दोन माणसं अर्ध्या लिटरमध्ये वर नेते. आणि शेजारून रखडत चढणारा ४० टनांचा ट्रेलर? त्याला तेवढ्याच उंचीपोटी पंधरा-सोळा लिटर लागतात. चाकांपाशी लागणारी ऊर्जा टनामागे मोजली तर ट्रेलर आणि डिफेंडर सारखेच निघतात, निसर्ग दोघांनाही सवलत देत नाही. फरक एवढाच की ट्रेलरच्या वजनात निम्म्याहून जास्त माल असतो आणि आमच्या अडीच टनांत माल होता दीडशे किलो. मी आणि मित्र.

आम्ही टाकी ते टाकी पद्धतीने मोजलं. नोझल आपोआप टकदिशी बंद पडेपर्यंत डिझेल भरायचं, पंपवाल्याला वर आणखी घालू द्यायचं नाही, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, आणि फिरून त्याच पंपावर, त्याच नोझलला, गाडी त्याच बाजूला उभी करून पुन्हा टकदिशी बंद पडेपर्यंत भरायचं. गाडीच्या पडद्यावरचा आकडा इंजिनाच्या संगणकाने अंदाजलेला असतो. तो बरेचदा थोडा खुशामती निघतो. तळोजा, कळंबोली, लोणावळा आणि परत, अशा मिश्र फेरीचं आमचं उत्तर साडेनऊच्या जरा वर आलं. एका फेरीवरून निवाडा करू नये, निदान तीन टाक्या मोजाव्यात. पण नुसत्या शहरी कोंडीत सात-आठ आणि मोकळ्या एक्सप्रेसवेवर शिस्तीत चालवली तर अकरा-बारा, या दोन टोकांच्या मध्ये ते उत्तर नीट बसतं.

मग एवढं वजन वागवायचं कशासाठी? यासाठी पंक्चरवाल्याच्या पाइपकडे परत जाऊ. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. मीटरभर पाइपच्या टोकाला ६६ किलोचा माणूस उभा राहिला की पान्यावर पडतो तो टॉर्क जवळपास ६५० न्यूटन-मीटर. म्हणजे दुकानदार पाइपवर उभा होता तेव्हा त्या नटावर जवळजवळ डिफेंडरच्या इंजिनाएवढा जोर पडत होता. इंजिनाचं कौतुक हे की तो जोर ते दर मिनिटाला दीड हजार फेऱ्या फिरत असतानाही देतं. १०० चा वेग सात सेकंदांत गाठणं ही या गाडीची जाहिरातीतली ओळ आहे. रस्त्यावर तिचा उपयोग एवढाच की ट्रेलरला ओलांडताना समोरच्या लेनमध्ये कमी वेळ राहावं लागतं. खरं काम कमी फेऱ्यांतला जोर करतो. तीस टन माल घेऊन रांगणाऱ्या वाहनांमागे गिअर न बदलता, न रेकता ही गाडी घाट चढते, तेव्हा तो जाणवतो.

आणि ऑफ-रोडसाठी तो जोर आणखी वाढवता येतो. मुख्य गिअरबॉक्सच्या पुढे ट्रान्सफर केस नावाची दुसरी पेटी असते. तिच्यात ‘लो’ टाकलं की चाकांचा वेग सुमारे एकतृतीयांशावर येतो आणि पिळण्याचा जोर २.९३ पट होतो. वेग विकून जोर घ्यायचा, चेन ब्लॉकने मोटर उचलताना आपण करतो तोच व्यवहार. ही पेटी, मध्ये आणि मागे कुलूप लागणारे डिफरन्शियल, पुढच्या चाकांकडे जाणारा जादा शाफ्ट, गाडी साडेसात सेंटिमीटर वर उचलणारं हवेचं सस्पेन्शन, आणि हे सगळं आपटलं तरी वाकू नये म्हणून जाड केलेली चौकट. शरीर ॲल्युमिनियमचं असूनही गाडी दोन टनांच्या वर जाते, ती या सामानामुळे. म्हणून माझं म्हणणं असं की वर्षातून दोनदा लागणाऱ्या ताकदीचं भाडं ही गाडी रोज, प्रत्येक सिग्नलला, चमच्या-चमच्याने वसूल करते. ज्याला ती ताकद खरोखर लागते, त्याने ते आनंदाने भरावं. लागत नसेल त्याने भरण्याआधी विचार करावा.

ताकद किती आहे ते ब्रोशरमध्ये अंशांत लिहिलेलं असतं आणि लोक ते वगळून पडद्याच्या इंचांकडे वळतात. वास्तविक ऑफ-रोड गाडीची कुंडली तीन कोनांत असते. गाडी उंच केल्यावर डिफेंडर ११० चा पुढचा कोन ३८ अंश, मधला २८ आणि मागचा ४०. जमिनीपासून पोटाची उंची २९१ मिलिमीटर. आपल्या इमारतीचा जिना साधारण ३० अंशांचा असतो. म्हणजे जिन्याला या गाडीचं नाक टेकणार नाही, पण वर पोचून चौकावर सपाट होताना पोट घासेल, कारण मधला कोन २८ चाच आहे. हे समजलं की बांधावरून, नाल्याच्या काठावरून गाडी घालताना कुठे जपायचं ते आपोआप कळतं. बहुतेक लोक पुढचा बंपर बघत राहतात आणि अडकतात पोटावर.

वावंज्याच्या बाजूला, मलंगगडाकडे तोंड करून जाणाऱ्या गावरस्त्यांवर आम्ही गाडी थोडी फिरवली. पाऊस नुकताच उघडला होता. रस्त्याच्या कडेची माती ओली, वर गवत, खाली दगड. एक मागचं चाक हवेत गेलं, क्षणभर फिरलं, मग संगणकाने त्या चाकाला हलका ब्रेक लावून जोर दुसऱ्या बाजूला वळवला आणि गाडी काहीच झालं नसल्यासारखी पुढे सरकली. जुन्या जीपमध्ये हे काम ड्रायव्हरचा अनुभव करायचा. इथे टेरेन रिस्पॉन्स नावाची यंत्रणा चिखल, वाळू, दगड असं ओळखून पेडल, गिअर आणि डिफ यांचं गणित बदलते. मला ती मनापासून आवडली. एक धोकाही दिसला. ज्या जागी जुन्या जीपचा ड्रायव्हर उतरून, चालत पुढे जाऊन बघून आला असता, तिथे हिच्यात बसलेला माणूस उतरत नाही.

याचं सगळ्यांत वाईट रूप किनाऱ्यावर दिसतं. अलिबागपासून खाली कोकणात दर सुट्टीत कुणीतरी गाडी वाळूत घालतं आणि ती रुततेच. कारण साधं आहे. टायरमध्ये जेवढा दाब, साधारण तेवढाच दाब टायर जमिनीवर टाकतो. ३५-३६ पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो. २,४०० किलो वजन मग चार टायरखालच्या एकूण साडेनऊशे-हजार चौरस सेंटिमीटरवर उभं असतं, चाकामागे दोन तळहातांएवढी जागा. ओली वाळू हे सोसत नाही. हवा पंधरा-सोळा पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो, जागा दुपटीहून वाढते आणि तीच गाडी वाळूवरून जाते. पण रुतल्यावर लोक ॲक्सिलरेटर दाबतात, चाक स्वतःची विहीर खणतं, आणि ओहोटीला आत गेलेल्या गाडीला भरतीआधी मिळतात जास्तीत जास्त सहा तास. वाळूतली कासवांची अंडी, खेकड्यांची बिळं, रापणीची जाळी हे वेगळंच. किनारा गाडी घालायची जागा नाही. चारशे किंवा सहाशे अश्वशक्तीने हे बदलत नाही.

पाण्याचंही तसंच. डिफेंडर ९०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते हा आकडा खरा आहे, आणि आरशातल्या सेन्सरमुळे बाहेर पाणी किती आहे ते पडद्यावर दिसतं. पावसाळ्यात आमच्याकडच्या भुयारी रस्त्यांत पाणी साचतं तेव्हा ही सोय खरोखर मोलाची. पण ९०० हा आकडा साचलेल्या पाण्याचा, पक्क्या तळाचा आणि चालण्याच्या वेगाचा आहे. इंजिनाची हवा ओढण्याची वाट किती उंचावर आहे, एवढंच तो सांगतो. त्या वाटेने पाणी आत गेलं तर सिलिंडरमध्ये ते दाबलं जात नाही, पिस्टन थडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मात्र वाहत्या पाण्याचा धोका वेगळा असतो. या गाडीचा तळ साडेनऊ चौरस मीटरचा आहे. तळ पाण्याला लागल्यावर वरचं प्रत्येक १० सेंटिमीटर पाणी तिला साडेनऊशे किलोपर्यंत उचलू बघतं. इंजिनाच्या बाजूला पाणी शिरतं म्हणून ती होडीसारखी पूर्ण तरंगत नाही, पण मागचं टोक हलकं होतं, चाकांची पकड सुटते आणि बाजूने येणारा लोंढा तिला पुलाच्या कठड्याशी नेऊन टेकवतो. कासाडी नदीच्या फरशीवरून पाणी जात असेल तर स्कूटर आणि डिफेंडर दोघांनीही थांबायचं असतं.

सोयींबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण विक्रेते त्याबद्दल पुरेसं बोलतात. बोनेटखालची जमीन कॅमेऱ्यांनी पडद्यावर दाखवणारी सोय दगडांत उपयोगी आहे, पण सोसायटीच्या गेटपाशी तिचं मोल जास्त. इतक्या उंच बोनेटसमोर उभं असलेलं चार-पाच वर्षांचं मूल ड्रायव्हरच्या सीटवरून दिसत नाही. गाडी हलवण्याआधी पुढचा कॅमेरा बघायची सवय लावून घेणं हा या गाडीच्या मालकीचा भाग आहे, असं मी मित्राला बजावून सांगितलं. युरो एनकॅपने २०२० मध्ये तिला पाच तारे दिले आहेत. रात्री औद्योगिक वसाहतीचा वास सुटतो तेव्हा केबिनमधली हवा गाळणारी यंत्रणाही कामाची वाटते.

वापरलेली डिझेल गाडी घेणाऱ्याने मात्र पडद्यापेक्षा सायलेन्सरकडे लक्ष द्यावं. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी पकडणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो भरला की इंजिन जादा डिझेल जाळून त्याचं तापमान पाच-सहाशे अंशांवर नेतं आणि काजळी जाळून टाकतं. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. तळोजा फेज वनमधल्या घरातून चार किलोमीटरवरच्या कारखान्यात जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, एवढाच वापर असेल तर ते जळणं दर वेळी अर्ध्यात तुटतं. फिल्टर तुंबतो आणि इंजिन ऑइलमध्ये डिझेल उतरून ते पातळ होतं. मित्राचा रोजचा प्रवास नेमका असाच आहे. त्याला मी सांगितलं, ही गाडी घेतलीस तर आठवड्यातून एकदा तिला खोपोलीपर्यंत फिरवून आणावं लागेल, आणि आधीच्या मालकाने काय केलं ते सर्व्हिसच्या नोंदींत बघून मगच पैसे दे. ट्रकवाले ज्याला नुसतं ‘युरिया’ म्हणतात, ते डीईएफही भरत राहावं लागतं. पेट्रोल इंजिन घेतलं तर ही कटकट नाही, पण ॲव्हरेज आणखी खाली. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमीच देतं.

पैशांचं गणित विक्रेत्याच्या बाजूने आहे, हे कबूल करायला हवं. वर्षाला १५,००० किलोमीटर, साडेनऊचा ॲव्हरेज आणि ९० रुपये लिटर धरलं, तर डिझेल होतं १ लाख ४२ हजारांचं. कागदावरचा साडेअकरा मिळाला असता तर १ लाख १७ हजार. फरक पंचवीस हजारांचा. वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी १५ टक्के कर असतो, हे लक्षात घेतलं तर कोटीच्या गाडीपुढे पंचवीस हजार काहीच नाहीत. पण ते १,५८० लिटर डिझेल जाळून सव्वाचार टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि तो मालकाच्या खिशातून जात नाही. म्हणून मी म्हणतो की ॲव्हरेज विचारायचा तो परवडतं का हे बघण्यासाठी नाही. या गाडीला आपण काय काम देणार आहोत, आणि त्या कामाला इतकं लागावं का, हे स्वतःला विचारण्यासाठी.

परतताना आम्ही टेप घेऊन मित्राच्या पार्किंगची जागा मोजली. जागा नेहमीसारखी, अडीच मीटर बाय पाच मीटर. मागच्या दाराला लटकलेल्या स्टेपनीसकट गाडीची लांबी पाच मीटर दोन सेंटिमीटर. मागचं दार वर जात नाही, कपाटासारखं बाजूला उघडतं, त्यामुळे मागे भिंत असेल तर सामान काढायला गाडी पुढे घ्यावी लागणार. शेजारच्या इमारतीत पझल पार्किंग आहे. तिथल्या पाटीवरची वजनाची आणि उंचीची मर्यादा वाचूनच विषय संपला.

संध्याकाळी पुन्हा पंक्चरवाल्याकडे थांबलो, कारण मित्राला एक शेवटची गोष्ट विचारायची होती. गाडीवर २५५/६०, वीस इंची टायर होते. त्याला दिसायला भारी म्हणून बावीस इंची रिम हवी होती, २७५/४५ च्या टायरसह. दुकानदाराने वाकून टायरची बाजू बोटांनी मोजली. टायरवरच्या आकड्यांतला दुसरा आकडा रुंदीच्या टक्क्यांत उंची सांगतो. २५५ चे ६० टक्के म्हणजे १५३ मिलिमीटर रबर रिम आणि रस्त्याच्या मध्ये. बावीस इंचीत उरतं १२४. एमआयडीसीच्या रस्त्यावर कंटेनरच्या चाकांनी पाडलेला खड्डा लागला की ही तीन सेंटिमीटर रबराचीच कमतरता रिम वाकवते आणि टायरची बाजू फाडते. त्याने मागे भिंतीला टेकवून ठेवलेला एक बारीक बाजूचा टायर दाखवला. कडेला बोटभर फाटलेला, आतले दोरे बाहेर आलेले.

"एकोणीस इंची मिळत असेल तर ती घाला," तो म्हणाला, "आणि स्टेपनीत हवा किती आहे ते बघितलं का?"

बघितलं नव्हतं. त्याने गेज लावला. पंधरा निघाली. हवा भरताना मित्राने त्याला सांगितलं, "साडेनऊ देते."